जर्सीवर नाव चिकटवायचंय? आधी कापड ओळखा

माझी पहिली मोठी ऑर्डर पंधरा मरून जर्स्यांची होती. पाठीवर पांढरं नाव, खाली पांढरा नंबर. रात्री अकराला शेवटची जर्सी प्रेसखालून, म्हणजे गरम पाट्यानं दाबणाऱ्या मशीनखालून, काढली, ओळीनं टेबलावर मांडल्या आणि फोटो काढला. नावं दुधासारखी पांढरी दिसत होती. तिसऱ्या दिवशी कॅप्टनचा फोन आला, "दादा, नावं गुलाबी झाल्यात की ओ!"

व्हिनाईल, म्हणजे नावं कापायचा गोंदवाला पातळ थर, चांगलं होतं, मशीन ठीक होतं. चूक माझी. कापड न बघता मी प्रेस गरम केला होता. मरून रंग पॉलिएस्टरमध्ये वाफेच्या रूपात शिरलेला असतो. त्याला पुन्हा १६० अंशांचा चटका दिला की तो जागा होतो आणि हळूहळू वरच्या पांढऱ्या व्हिनाईलमध्ये चढतो. लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो. पंधराच्या पंधरा जर्स्या मी पदरच्या पैशानं बदलून दिल्या.

मी कोल्हापुरात हे काम करतो. इथं पेठांचा फुटबॉल आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर सुरू झाले की गल्लीतल्या पोरालाही पाठीवर नाव हवं असतं. शिवाय टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी आणि दहीहंडीचे टी-शर्ट. हे काम नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी, किंवा स्वतःच्या टीमच्या जर्स्या करून घेणाऱ्यांसाठी, मी कामं ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं लिहितोय.

१. यादी

मशीनला हात लावायच्या आधी यादी हातात हवी. अनुक्रमांक, जर्सीवर छापायचं नाव, नंबर, साइज, बाही अर्धी की पूर्ण. पाच रकाने. "जर्सीवर छापायचं नाव" हा रकाना वेगळाच ठेवा, कारण यादीत पूर्ण नाव असतं आणि पाठीवर कधी आडनाव हवं असतं, कधी 'बंड्या'.

यादी व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यानं आली तर घेऊ नका. "त्या सातव्याचं स्पेलिंग बदला" असे चार मेसेज आले की सातवा नेमका कोण हे दोघांनाही आठवत नाही. सगळं एका कागदावर उतरवा, त्याचा फोटो कॅप्टनला पाठवा आणि 'बरोबर आहे' असं लेखी येईपर्यंत कटिंग करू नका. एकाच टीममध्ये चार पाटील असणं ही आपल्याकडं नेहमीची गोष्ट, तेव्हा आद्याक्षर लावायचं का ते आधीच विचारा. एकच नंबर दोघांनी मागितलाय का तेही बघा. ते भांडण टीमचं आहे, त्यांनीच मिटवावं.

स्पेलिंगची चूक मोठ्यामोठ्यांना चुकलेली नाही. अमेरिकेत शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघानं १९६० मध्ये पाठीवर खेळाडूंची नावं लावायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी टेड क्लुझेव्स्कीच्या नावात झेड उलटा लागला, वर दुसऱ्या के-च्या जागी एक्स. २००९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सचे दोन खेळाडू छातीवरच्या संघाच्या नावातला ओ गाळलेल्या जर्स्या घालून मैदानात उतरले. न्यूयॉर्क यांकीजच्या जर्सीवर आजही खेळाडूचं नाव नसतं, फक्त नंबर. यादी तपासताना डोळे दुखायला लागले की मला यांकीज फार शहाणे वाटतात.

२. कापड

इथं घाई केली की गुलाबी नावं होतात.

जर्सी उलटी करून आतली बाजू बघा. बाहेर गडद रंग आणि आत पांढरट, फिकट दिसत असेल तर ती सब्लिमेशनची जर्सी, म्हणजे पांढऱ्या पॉलिएस्टरवर रंग नंतर चढवलेला. दोन्ही बाजू सारख्याच गडद असतील तर कापड रंगवून आलेलं आहे. दुसरा प्रकार थोडा कमी त्रास देतो, पण लाल, मरून आणि गडद निळ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

सुती की पॉलिएस्टर कळत नसेल तर आतल्या शिलाईच्या कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची वाटी ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. दोन्ही झालं तर मिक्स आहे.

बाजारात हे कापड डॉट निट, राइस निट, मायक्रो, लायक्रा अशा नावांनी मिळतं. नाव पाठ करण्यापेक्षा दोन हातांत धरून ताणून बघा. आडवं किती ताणलं जातं आणि सोडल्यावर परत येतं का, यावर कुठलं व्हिनाईल लागेल ते ठरतं. ताणणाऱ्या कापडावर न ताणणारं व्हिनाईल लावलं तर पहिल्याच सामन्यात तडे.

शेवटची परीक्षा सोपी आहे. व्हिनाईलचा नखाएवढा पांढरा तुकडा जर्सीच्या आतल्या पट्टीवर चिकटवा आणि दोन दिवस ठेवून द्या. पांढरा राहिला तर पुढं चला. गिऱ्हाईक 'उद्याच पाहिजे' म्हणत असेल तर रंग अडवणारं व्हिनाईल वापरा. त्याच्या पांढऱ्या थराखाली एक करडा थर असतो, तो खालचा रंग वर येऊ देत नाही. थोडं महाग आणि थोडं जाड असतं, पण पंधरा जर्स्या बदलून देण्यापेक्षा स्वस्त.

३. पद्धत ठरवा

चार पद्धती आहेत, पण नवख्यानं व्हिनाईल आणि डीटीएफ या दोनच नीट शिकाव्यात.

सब्लिमेशनमध्ये नाव चिकटवत नाहीत, कापडातच उतरवतात. डिझाइन खास कागदावर उलटं छापायचं, कापडावर ठेवायचं आणि १९० ते २०० अंशांवर पाऊण ते एक मिनिट दाबायचं. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. हाताला काही लागत नाही, धुऊन जात नाही, तडा जात नाही. अटी दोन. कापड पॉलिएस्टर हवं आणि फिकट हवं, कारण सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते. पूर्ण जर्सी अशी करायची तर पाठ, पोट, बाह्या असे तुकडे आधी छापतात आणि मग शिवतात. म्हणजे नावांची यादी शिलाईच्याही आधी पक्की लागते. कबड्डीला मी हेच सुचवतो. समोरचे सात जण मिळून जर्सी ओढतायत तिथं वरून चिकटवलेलं काहीही टिकत नाही.

व्हिनाईल म्हणजे रंगीत पातळ थर, मागं गोंद. प्लॉटरवर, म्हणजे संगणकावरून चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, अक्षरं कापायची आणि प्रेसनं चिकटवायची. तयार जर्सी, एका रंगाची नावं आणि दहा-वीस नग असतील तर हेच.

डीटीएफमध्ये फिल्मवर रंगीत छपाई होते, त्यावर पांढरी शाई, त्यावर गोंदाची पूड, आणि मग प्रेस. रंगछटा, बॉर्डर, सावली काहीही चालतं. मशीन घ्यायची गरज नाही. शहरात फिल्म छापून देणारे आहेत, सगळी नावं एका शीटवर बसवून मागवायची आणि आपण फक्त प्रेस करायचं. गडद सब्लिमेशन जर्सीवर डीटीएफचं पांढरंही गुलाबी होतं, हे छापणारा सांगेलच असं नाही.

चौथी पद्धत शिवलेल्या अक्षरांची. जाड कापडाची अक्षरं कापून कडेनं वाकडी शिलाई मारायची. अमेरिकेतल्या बेसबॉल आणि आइस हॉकीच्या जर्स्यांवर हेच असतं. दिसतं फार देखणं, पण पातळ डॉट निटवर त्याचं ओझं होतं आणि कापड चुण्या धरतं. आपल्याकडं ब्लेझर, ट्रॅकसूट आणि टोपीवर भरतकाम करून घ्या आणि जर्सीला हलकंच ठेवा.

४. अक्षरं, आणि मराठीची खास डोकेदुखी

इंग्रजी नावाला जाड, साधा फॉन्ट घ्या. नाव साधारण दोन ते अडीच इंच उंच, नंबर आठ ते दहा इंच. लहान मुलांच्या जर्सीला दोन्ही कमी. अक्षरांची सर्वात बारीक रेघ दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नको, नाहीतर धुण्यात उचलते.

आता मराठी. इथं बहुतेक नवे लोक एकाच ठिकाणी अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, यादी येते युनिकोडमध्ये, मोबाइलवर टाइप केलेली. दुकानातल्या कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपीसारखा जुना फॉन्ट असतो. यादीतून नाव उचलून त्यात टाकलं की अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोड फॉन्ट लावला तरी कोरलच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटतात. सूर्यवंशीचा रफार भलत्याच अक्षरावर जातो, क्षीरसागरचा क्ष सुटून क आणि ष दोन बाजूंना उभे राहतात. यावर उपाय म्हणजे इंकस्केप हे सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट दाखवतं. त्यात नाव टाइप करा, अक्षरांचं आकारात रूपांतर करा आणि मग कोरलमध्ये आणा. फॉन्टसाठी मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मोफत आहेत. बालूची जाड वजनं जर्सीवर छान भरतात. फॉन्ट कुठलाही असो, ल आणि श मराठी वळणाचे येतायत का बघा. हिंदी वळणाचा ल पाठीवर आला तर कुणी तक्रार करत नाही, पण काहीतरी खटकतंय असं सगळे म्हणतात.

दुसरं, शिरोरेघ. पडद्यावर ती सलग दिसते, पण फाइलमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते आणि शेजारच्या रेघेवर थोडी चढलेली असते. तसंच प्लॉटरला पाठवलं तर तो प्रत्येक सांध्यावर उभी चीर मारतो. नाव लावताना कळत नाही. चार धुण्यांनंतर शिरोरेघ बरोबर त्या चिरांवर उचलायला लागते आणि 'पाटील'चे तीन तुकडे दिसतात. म्हणून कापायच्या आधी सगळे आकार निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा, आणि मग नुसत्या बाह्यरेषा दाखवणारं दृश्य लावून बघा. शिरोरेघेच्या आत एकही रेघ दिसता कामा नये. याचा एक फायदाही आहे. वेल्ड केलेलं मराठी नाव एकसंध पट्टीसारखं उचलता येतं, इंग्रजीसारखी सुटी अक्षरं सरळ रेषेत ठेवायची कटकट नाही. तोटा हा, की ती लांब सलग रेघ पाठ वाकवताना ताणली जाते. मराठी नावांना ताणणारं व्हिनाईलच घ्या.

तिसरं, उंची. नवा माणूस काय करतो? प्रत्येक नाव निवडतो आणि उंची अडीच इंच टाकतो. मग 'कदम' राक्षसासारखं मोठं होतं आणि 'गुंडेकर' बारकं, कारण कदमला वर-खाली काहीच नाही आणि गुंडेकरला वर अनुस्वार नि मात्रा, खाली उकार. उंची नावाची मोजायची नाही, अक्षराची मोजायची, शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंत. त्यापेक्षा सोपं म्हणजे सगळ्या टीमला एकच फॉन्ट साइज. लांब नाव रुंदीत मावत नसेल तर ते थोडं दाबा, पण उंचीला हात लावू नका.

अनुस्वाराचा टिंब सुटा असतो आणि कटिंगनंतर कचऱ्याबरोबर निघून जातो. मी टिंब मुळापेक्षा थोडा मोठा करतो. तरी एकदा 'शिंदे'चं 'शिदे' झालंच. ती जर्सी अजून माझ्या भिंतीवर टांगलेली आहे.

५. कापणं आणि सोलणं

व्हिनाईलची चकचकीत बाजू खाली आणि गोंदाची बाजू वर ठेवून कापतात, म्हणून नाव आरशातल्यासारखं उलटं पाठवायचं. प्रत्येक नवा माणूस एकदा तरी हे विसरतो. दोनदा विसरू नये म्हणून प्लॉटरवर मोठ्या अक्षरांत 'मिरर' लिहून चिकटवा. डीटीएफची फिल्म छापूनच येते, तिथं हा उद्योग आपल्याला नाही.

आधी कोपऱ्यात एक लहान चौकोन कापून बघा. व्हिनाईल कापलं जावं आणि खालच्या प्लॅस्टिकवर फक्त पुसटशी रेघ उठावी. प्लॅस्टिक आरपार कापलं तर ब्लेड खोल आहे, सोलताना अक्षर सुटत नसेल तर उथळ आहे. सोलायला टोकदार चिमटा, चांगला उजेड आणि पंख्याखालून दूर बसण्याचं शहाणपण लागतं. आधी बाहेरचा भाग काढा, मग 'प', 'ब'च्या पोटातले तुकडे.

६. जागा

जर्सी उभी मध्यावर दुमडा, बोटानं घडी ठसवा आणि उघडा. ती रेघ म्हणजे मध्य. कॉलरच्या शिवणीपासून तीन ते चार इंच खाली नावाचा वरचा काठ आणि नाव-नंबरमध्ये एक ते दीड इंच अंतर. मराठीत हे अंतर उकारापासून मोजा, नाहीतर 'गुरव'चा उकार नंबरात घुसतो.

टेबलावर सपाट दिसणारी जर्सी अंगावर तशी राहत नाही. पहिली जर्सी कुणाला तरी घालायला लावा, नाव कागदी टेपनं पाठीवर लावा आणि दोन्ही हात पुढं घ्यायला सांगा. लांब नाव खांद्याच्या शिवणीवर चढत असेल तर ते आत्ताच दिसेल. ज्या बाहीची शिवण कॉलरपासून काखेपर्यंत तिरकी येते तिथं तर हमखास. मग पुठ्ठ्याची एक पट्टी कापून त्यावर मध्य आणि अंतराच्या खुणा करा. उरलेल्या जर्स्यांना तीच लावा, दरवेळी मोजपट्टी नको.

७. प्रेस

बाकी सगळं नीट झालं असेल तर हे सर्वात सोपं.

रिकामी जर्सी पाच सेकंद दाबा. कापडातला ओलावा निघतो आणि चुण्या जातात. पावसाळ्यात हे दहा सेकंद करा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कापड कधीच कोरडं नसतं. मग नाव ठेवा, वर टेफ्लॉन शीट किंवा बटर पेपर ठेवा आणि दाबा. साध्या व्हिनाईलला साधारण १५० ते १६० अंश आणि १० ते १५ सेकंद, डीटीएफलाही जवळपास तेवढंच. पण प्रत्येक रोलवर त्याचा आकडा लिहिलेला असतो, माझा आकडा सोडा आणि तोच खरा धरा.

कॉलर, बटणपट्टी किंवा जाड शिवण प्रेसच्या पाट्यावर आली तर एका बाजूचा दाब कमी पडतो आणि तिथलं अक्षर दुसऱ्याच दिवशी उचलतं. जाड भाग पाट्याच्या बाहेर लटकू द्या किंवा नावाखाली फोमची उशी ठेवा. स्वस्त प्रेसच्या कोपऱ्यांत उष्णता कमी असते आणि डिस्प्लेवर वेगळाच आकडा असतो. पिस्तुलासारखं तापमापक मिळतं, त्यानं पाट्याच्या पाच जागा मोजून बघा आणि थंड कोपरा लक्षात ठेवा.

प्लॅस्टिक कधी काढायचं, गरम असताना की थंड झाल्यावर, हे व्हिनाईलच्या जातीवर आहे. थंड झाल्यावर काढायचं व्हिनाईल गरम असताना ओढलं तर अक्षर अर्धं हातात येतं. काढल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा पाच सेकंद दाबा. हा दुसरा दाब आळसानं टाळला जातो, आणि नावं सुटल्याच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात.

गडद पॉलिएस्टरवर पाट्याचा चकचकीत चौकोन उमटला तर घाबरू नका. दाब कमी करा. वाफेच्या इस्त्रीची वाफ लांबून दिली तर तो बराचसा जातो.

८. धुणं

जर्सीसोबत एक चिठ्ठी द्या. पहिले चोवीस तास धुऊ नका. नंतर उलटी करून गार पाण्यात धुवा, ब्रश नको, धोपटणं नको, नावावर इस्त्री नको, सावलीत वाळवा. चिठ्ठी कुणी वाचत नाही, आई वाचते. म्हणून पिशवीच्या तळाशी न टाकता जर्सीलाच टाचणीनं लावा.

९. नाव काढायचं असेल तर

खेळाडू टीम सोडून जातो, जर्सी मागं राहते. व्हिनाईल पुन्हा गरम करून चिमट्यानं ओढत काढता येतं, उरलेल्या गोंदासाठी व्हिनाईल काढायचं द्रव मिळतं, ते आधी आतल्या बाजूला लावून बघा. नाव गेलं तरी सावली राहते, कारण त्या जागेचं कापड उन्हात विटलेलं नसतं. म्हणून नवं नाव जुन्यापेक्षा लांब असेल तर बरं. सब्लिमेशनचं नाव मात्र निघत नाही.

पाठीवर नाव ही क्रिकेटला फार जुनी सवय नाही. विश्वचषकात ती १९९२ ला, रंगीत कपड्यांबरोबर आली. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव-नंबर यायला ऑगस्ट २०१९ उजाडला, एजबॅस्टनच्या ॲशेस कसोटीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९९३-९४ पासून नावं आहेत. २९ ऑक्टोबर २०१६ ला विशाखापट्टणमला न्यूझीलंडविरुद्ध भारतीय खेळाडू आईचं नाव पाठीवर लावून खेळले. धोनीच्या पाठीवर देवकी, कोहलीच्या पाठीवर सरोज.

त्यानंतरच्या हंगामात एका गल्लीच्या टीमनं माझ्याकडं तीच मागणी आणली. अकरा जर्स्या, अकरा आयांची नावं, मराठीत. त्यातली चार नावं 'सुनीता' होती. एकाच फॉन्ट साइजमध्ये, वेल्ड करून, चारही एकदम कापली. यादी तपासायला कॅप्टन नव्हता आला, त्याची आईच आली होती, आणि तिनं दोन नावांतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून दिले.